धोंडूला जानेवारीत दिल्लीला नको

पाषाण, पुणे
६ जानेवारी

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवून दिलास, मी परत लावला तो तू उचलला नाहीस. असू दे. फोनवर आपल्या दोघांचंही डोकं लगेच तापतं, म्हणून लिहायला बसलो. विषय एकच आहे: संक्रांतीला येशील तेव्हा परत जाताना आपल्या धोंडू कासवाला दिल्लीला न्यायचं की नाही. तुझ्या खोलीबद्दल या पत्रात काही बोलणार नाही.

आधी त्याची खुशाली. खातोय, चालतोय, वजन २१२ ग्रॅम. सकाळी नऊच्या सुमारास समोरच्या इमारतीवरून ऊन गॅलरीत उतरलं की त्याला आईच्या जुन्या परातीत कोमट पाण्यात ठेवतो. पाणी हनुवटीखालीच राहील एवढं. आधी तो मान लांब करून सगळीकडे बघून घेतो, मग नाक बुडवून पितो. तेव्हा त्याचा गळा हलताना दिसतो. थोड्या वेळानं मागून पांढरं, मऊ काहीतरी टाकतो. तुझ्या वहीत लिहिलंयस की हे मऊ असेल तर अंगात पाणी पुरेसं आहे, रवाळ झालं तर तो सुकतोय. रोज बोटात घेऊन बघतो. मऊ आहे. मग नीट पुसून भाजणी मोजायच्या काट्यावर ठेवतो. आई आता काही म्हणत नाही.

थंडी मात्र यंदा खरी आहे. पेपरात शिवाजीनगरचं किमान तापमान ११ छापून येतं तेव्हा आपल्याकडे पाषाणला ९ असतं. कुलकर्णीकाका म्हणाले, कासवं थंडीत झोपतात, झोपू द्या त्याला. मी त्यांना समजावलं की हा आपल्याकडचा नाही, सहाराच्या दक्षिणेकडच्या गवताळ पट्ट्यातला सल्काटा आहे. याची जात शीतनिद्रा घेतच नाही. थंडीत तो गप्प पडला तर ती झोप नसते, अंग गार पडल्यामुळे पोटातलं अन्न पचायचं थांबलेलं असतं. म्हणून रात्री पेटीत २६ च्या खाली जाऊ देत नाही. तू लावलेला सिरॅमिकचा दिवा आणि थर्मोस्टॅट व्यवस्थित चालतात. परवा रात्री लाइट गेली तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पेटीच्या एका कोपऱ्यात ठेवली, वर गोधडी टाकली, हवेला फट ठेवली आणि लाइट येईपर्यंत तिथेच बसलो. आकडा १९ पर्यंत उतरला होता. सकाळी नाकाशी बुडबुडे येतात का, तोंड उघडं ठेवून श्वास घेतो का, ते टॉर्च लावून पाहिलं. काही नव्हतं.

आणि तुला खोकला किती दिवसांपासून आहे? काल बोलताना निदान चारदा तरी थांबलीस.

आता दिल्लीचं. तिथे जानेवारीत किमान तापमान ४-५ वर येतं, धुकं असलं की दुपारपर्यंत सूर्य दिसत नाही, कधी दिवसभरही नाही. तू म्हणालीस, खिडकीत ठेवीन. खिडकी गल्लीत उघडते आणि समोर हातभर अंतरावर दुसरी भिंत आहे, हे मी सामान लावायला आलो तेव्हा पाहिलंय. शिवाय काचेतून उजेड येतो, पण त्याला लागणारे उन्हातले यूव्हीबी किरण काच अडवते. ते कातडीवर पडले तरच डी३ जीवनसत्त्व बनतं, डी३ असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागतं, नाहीतर पिलाचं कवच मऊ पडतं, जबडा वाकतो. हे मला तूच शिकवलंस. यूव्हीबीच्या ट्यूबवर तुझ्या अक्षरात मार्करनं लिहिलेली तारीख काल पुसताना दिसली. ट्यूब पेटलेली दिसते पण आतले किरण महिन्यांगणिक कमी होत जातात, म्हणून वर्षाच्या आत बदलायची. अभ्यासाच्या एवढ्या धावपळीत तू हे लिहून गेलीस. ती ट्यूब मी उगाचच बराच वेळ हातात धरून उभा होतो.

पण सई, तुझं स्वतःचं डी ऑक्टोबरमध्ये ११ आलं होतं. किमान २० तरी हवं. तेच ऊन, तेच कातडीवर पडणं. धोंडूसाठी तू ट्यूब आणलीस, तारीख लिहिलीस. स्वतःसाठी डॉक्टरांनी दिलेल्या आठवड्याच्या पुड्या तरी संपवल्यास का? सकाळी सहाला लायब्ररीत शिरायचं आणि रात्री दहाला बाहेर पडायचं, आणि तीही तळघरातली असेल तर माझं ऐक, वरच्या मजल्यावरची बघ, पैसे जास्त पडले तरी चालतील.

पुन्हा तिथेच आलो. रागावू नकोस, शिकवणी घ्यायला बसलो नव्हतो.

रूम हीटरचं सांगायचं राहिलं. त्यानं हवा गरम होते, पण कोरडी ठणठणीत होते. २००३ मध्ये व्हिएन्नात सल्काटाच्याच पिलांवर प्रयोग झाला होता. प्रथिनं कमीजास्त देऊन फारसा फरक पडला नाही. हवेतला ओलावा कमी होता त्या पिलांच्या पाठीवर मात्र उंचवटे आले, आणि ते पुढे जात नाहीत. म्हणून आपण पेटीतलं कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, ओलसर ठेवतो. ऊब आणि ओलावा दोन्ही हवेत. नुसता ओलावा आणि गारठा झाला की छाती भरते. इथे घरात तीन माणसं आहेत, कोणी ना कोणी पेटीकडे बघतं. तिथे तू सोळा तास बाहेर. हीटर चालू ठेवून जाणार, की बंद करून? दोन्हीची मला भीती वाटते. त्या हीटरसमोर रात्रभर झोपत असशील तर तो खोकला त्याचाच असेल, निदान बादलीभर पाणी ठेव खोलीत.

आजीचं ऐक. पूर्वी ती त्याला लपूनछपून केळं द्यायची, चतुर्थीला तर हटकून. त्याला फळं सोसत नाहीत, पालकही रोज नको, पोळी-भात तर नाहीच, मुख्यतः तंतुमय गवतच हवं, हे मी सांगून थकलो होतो. मग तिनं स्वतःच शोध लावला की याचं आणि गणपतीचं खाणं एकच: दूर्वा आणि जास्वंद. बाजारातल्या जुडीवर काय फवारलेलं असेल म्हणून तिनं गच्चीत दोन कुंड्यांत हरळी लावली. जास्वंदीचं फूल देवाला, पानं धोंडूला. कधी फड्या निवडुंगाचा तुकडा, काटे काढून. कॅल्शियमसाठी ठेवलेला समुद्रफेसाचा तुकडा तो आता स्वतःहून कुरतडतो. दुपारी ऊन गरम झालं की त्याला हॉलभर फिरू देतो; तो सपाट दगडावर चढतो, पडतो, परत चढतो. तुझ्या चपलांखाली शिरायचा त्याचा प्रयत्न अजून चालू आहे, म्हणून त्या आईनं तिथून हलवलेल्या नाहीत.

कासवी दुरून नुसत्या नजरेनं पिलं वाढवते असं आजी म्हणते, कीर्तनात ऐकलेलं. खरी कासवी अंडी पुरून निघून जाते. मला तर फोनच्या पडद्यावर तुझ्या डोळ्यांखालचं काळं दिसतं आणि पुढे काही करता येत नाही.

तू एकटी पडली आहेस, संध्याकाळी खोलीत आपली वाट बघणारं कोणीतरी हवं, हे तू म्हणालीस ते मी ऐकलंय. ऐकलं म्हणूनच भांडलो असेन. पूर्वपरीक्षा पहिल्या फटक्यात निघाली तेव्हा मी सोसायटीत किती जणांना सांगितलं हे तुला माहीत नाही. मुख्य परीक्षेचं काय व्हायचं ते होईल. धोंडू सत्तर वर्षं जगायचा, चाळीस किलोच्या वर जायचा, माझ्यानंतर तो तुझाच आहे. पण या जानेवारीत नको. झेलम एक्सप्रेसनं एक रात्र आणि पुढचा अख्खा दिवस, डब्यात गार वारा, उतरल्यावर धुकं. मार्चमध्ये मी स्वतः घेऊन येतो. परदेशी प्राण्यांची नोंद होते त्या सरकारी परिवेश पोर्टलवर पत्ता बदलायचं काय ते तोवर बघून ठेवतो.

तोपर्यंत एक कर. घरमालकांना वरच्या मजल्याची खोली कधी रिकामी होते विचार. भाड्यातला फरक मी देईन, त्यावर वाद घालू नकोस. गच्चीला लागून असेल तर उत्तम. खोली बघायला जाशील तेव्हा सकाळी अकराला जा, आणि ऊन जमिनीवर कुठपर्यंत येतं त्याचा फोटो पाठव.

तुझा,
बाबा