महास्फोट म्हणजे आरंभ नव्हे

माननीय संपादक,

परवा फोंड्याजवळच्या आमच्या देवळात कीर्तन संपल्यावर सभामंडपातच विश्व अनादी आहे की नाही, यावर वाद रंगला आणि ‘महास्फोटाने (बिग बँगने) विश्वाचा आरंभ सिद्ध झाला’ असे एका शिक्षकांनी ठामपणे सांगितले, ते मला खटकले. खगोलशास्त्रज्ञ हबल यांनी १९२९ मध्ये दाखवलेले दीर्घिकांचे (ताऱ्यांच्या प्रचंड समूहांचे) एकमेकींपासून दूर जाणे आणि पेन्झियस व विल्सन या शास्त्रज्ञांना सर्व दिशांनी येताना आढळलेले सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) प्रारण (जुन्या टीव्हीवर कार्यक्रम नसताना दिसणाऱ्या मुंग्यांत त्याचाही अल्पसा वाटा असे) यांवरून सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिशय उष्ण व दाट होते, हे मान्य करावेच लागते. मात्र त्याआधी काहीच नव्हते, असे ही निरीक्षणे सांगत नाहीत, कारण त्या अतिउष्ण, अतिदाट टोकाला आइन्स्टाइन यांची गुरुत्वाकर्षणाची समीकरणेच निरुपयोगी ठरतात. जयंत नारळीकर यांनी हॉईल व बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांसह १९९३ मध्ये आरंभ नसलेल्या विश्वाचे प्रतिरूप (मॉडेल) मांडले होते. बहुतेक शास्त्रज्ञांनी ते स्वीकारले नाही, मलाही ते पटत नाही. तरीही गोव्यातील मराठी शाळांत महास्फोट शिकवताना हा उघडा प्रश्न मुलांपुढे उघडाच ठेवावा, अशी माझी शिक्षकांना कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, फोंडा