रिव्हेटवरून सुटलेल्या व्हिनाइल रॅपबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: डिलिव्हरी टेम्पोचं रॅपिंग नव्याने करून मिळण्याबाबत

महोदय,

माझ्या टेम्पोच्या अॅल्युमिनियम बॉडीला आपल्या बेळगाव शाखेने व्हिनाइल रॅप (चिकट प्लास्टिक फिल्मचं आवरण) करून दिला. बिलावर ‘कास्ट फिल्म’ (ओतून बनवलेली पातळ फिल्म) लिहिलं आहे आणि पैसेही तिचेच घेतले आहेत. पहिला पावसाळाही सरला नाही, तोवर रिव्हेटवरची, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांवरची, फिल्म ओळीच्या ओळी सुटली. सपाट पत्र्यावर रॅप धड आहे, पण मागच्या दाराजवळ कुठल्याही रिव्हेटवर अंगठा दाबा, फिल्मखालून गढूळ पाणी येतं. काही रिव्हेटच्या डोक्यावर फिल्म चांदणीसारखी फाटली आहे. बेकरीचं नाव वर कन्नडमध्ये, खाली मराठीत आहे. दोन्ही ओळी रिव्हेटवरूनच जातात, त्यामुळे नेमकं नावच वाचता येत नाही.

शाखेत विचारलं तर म्हणाले, “जांबोटी-कणकुंबीचा पाऊस आहे, आम्ही काय करणार?” हे मला मान्य नाही. खानापूर भागातला पाऊस काही यंदाच आलेला नाही. आणि फिल्म पत्र्याला घट्ट बसली असेल तर पाणी आत शिरणार कुठून?

रिव्हेटवर फिल्म बसवायची रीत ठरलेली आहे. आधी रिव्हेटच्या कडेची माती-तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढायचं. मग फिल्म सपाट लावत न्यायची आणि रिव्हेटवर तिचा तंबू, म्हणजे उचललेला फुगवटा, तसाच राहू द्यायचा. त्या तंबूला बुडाशी सुईने टोचून हवा काढायची, हीट गनने फिल्म मऊ करायची आणि ताठ केसांच्या गोल ब्रशने बाहेरून आत, रिव्हेटच्या दिशेने गोल फिरवत दाबायची. शेवटी तोच भाग साधारण १०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून इन्फ्रारेड थर्मामीटरने तपासायचा, म्हणजे ताणलेली फिल्म परत आक्रसत नाही. रिव्हेटभोवती एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचं कडं उरलं तर माझी तक्रार नव्हती. पण माझ्यासमोर प्लास्टिकच्या स्क्वीजीने (सपाट पट्टीने) रिव्हेटवरून सरळ ओढत नेलं. ब्रश नव्हता, थर्मामीटर नव्हता. काम करणाऱ्या पोरांना मी दोष देत नाही, त्यांना हत्यारंच दिली नव्हती.

फिल्मबद्दलही शंका आहे. सुटलेला तुकडा गोंद काढून उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये मायक्रोमीटरवर मोजला, तर १०० मायक्रॉनच्या आसपास भरला. कास्ट फिल्म साधारण ५० मायक्रॉनची असते. ती पातळ ओतून वाळवतात, म्हणून तिच्यात ओढ राहत नाही आणि ती उंचसखल भागावर बसते. कॅलेंडर्ड फिल्म गरम रोलरमधून दाबून काढतात. ती जाड असते आणि ऊन लागलं की मूळ मापाकडे परत ओढ घेते. माझ्या गाडीवर कडाही आत सरकल्या आहेत. लावलेल्या रोलचं नाव आणि बॅच नंबर मला लेखी कळवावा.

माझी मागणी अशी: सगळा रॅप काढून, चिकटलेला गोंद साफ करून, कास्ट फिल्मने वरच्या रीतीप्रमाणे विनाशुल्क पुन्हा काम करावं. ते जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. गाडी मी स्वतः चालवतो आणि घर याच धंद्यावर चालतं, त्यामुळे ‘व्यावसायिक वापर आहे, म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ असं कारण पुढे करू नये.

सोबत: बिलाची प्रत, फोटो, फिल्मचा तुकडा.

आपला ग्राहक,
वडगाव, बेळगाव