पायरीसोबत कारणही सांगणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

पदवीच्या मुलांना पेशी वाढवणाऱ्या लॅबमधल्या पहिल्या उन्हाळ्यात छापील प्रोटोकॉल कुणीही देतं. तुम्ही त्यातल्या ओळीओळीमागचं कारण सांगत राहिलात, त्याबद्दल हे जाहीर आभार.

फ्लास्कच्या तळाला चिकटलेल्या पेशी सोडवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराचंच घ्या. जुनं मीडियम (पेशींचं पोषक द्रव) काढून पेशी पीबीएस या क्षारद्रावणाने धुवा, एवढंच कागदावर असतं. पण मीडियममधून मागे राहिलेल्या सीरममधली (रक्तातल्या द्रव भागातली) प्रथिनं ट्रिप्सिनला निकामी करतात, आणि पीबीएसमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम असेल तर पेशींची पकड सुटत नाही, हे कळल्यावर ती पायरी कुणी गाळत नाही. मग ट्रिप्सिन घालून 37 अंशांवर दोन-तीन मिनिटं, पेशी गोल झाल्या की फ्लास्कला हलकी टिचकी, मग लगेच 10 टक्के सीरमचं मीडियम. घड्याळाकडे नको, पेशींकडे बघा, हा तुमचा हट्ट. तो रास्तच, कारण वेळ लांबला की पेशींच्या पृष्ठभागावरचे रिसेप्टरही (संदेश घेणारी प्रथिनं) कापले जातात आणि फ्लो सायटोमेट्रीत (पेशी एकेक करून लेझरने तपासताना) ते उगाच कमी दिसतात.

मोजणीचं सूत्र सोपं: मेलेल्या पेशी रंगवणारा ट्रिपॅन ब्लू समप्रमाणात, मोजणीच्या काचपट्टीवरच्या चार कोपऱ्यांच्या चौकोनांची सरासरी, गुणिले 2, गुणिले 10,000, की एका मिलिलिटरमधल्या पेशी मिळतात. चूक होते ती त्याआधी. नळी न ढवळता वरून थेंब घेतला की तळाशी बसलेल्या पेशी मोजणीत येतच नाहीत.

सगळ्यांत मोठं ऋण एमटीटीचं, म्हणजे औषध दिलेल्या पेशींवरच्या रंगाच्या चाचणीचं. आलेख खाली गेला की ‘औषधाने पेशी मारल्या’ असं लिहायचा मोह होतो. ही चाचणी मोजते पेशींची चयापचय क्रिया; पेशी मेल्या, वाढायच्या थांबल्या की नुसत्या मंदावल्या, हे 570 नॅनोमीटरवर मोजलेला रंगाचा आकडा सांगत नाही. मृत्यू म्हणायचं असेल तर अ‍ॅनेक्सिन व्ही ही मरणाऱ्या पेशी ओळखणारी चाचणी करा, हे तुम्ही प्रत्येक बैठकीत म्हणालात. कंट्रोललाही, म्हणजे औषध न दिलेल्या पेशींनाही, औषध विरघळवणारं डीएमएसओ तेवढंच. 96 खणांच्या प्लेटमध्ये कडेच्या खणांत फक्त पीबीएस, कारण तिथलं द्रव आधी उडतं.

पेशींना दूषित करणाऱ्या मायकोप्लाझ्मा या जीवाणूंची भीतीही तुम्हीच घातलीत, आणि बरं केलंत. मीडियम गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकात काही दिसत नाही, आणि पेशीभित्तिकाच नसल्याने पेनिसिलिन काय करणार? त्यांचा डीएनए शोधणारा पीसीआर नियमित करायचाच. सोबत पेशी नेमक्या कुठल्या ते डीएनएवरून ओळखणारं एसटीआर प्रोफाइलही: एमडीए-एमबी-435 वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाची पेशीरेषा (लॅबमध्ये वाढवत ठेवलेला पेशींचा वंश) म्हणून वापरली गेली आणि निघाली मेलानोमाची, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाची.

गोठवलेल्या नळ्यांची नोंद पेटीच्या नकाशावर केली आहे: पेशीरेषा, पॅसेज क्रमांक (पेशी किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्या), तारीख. लेबलं इथेनॉलने न पुसली जाणाऱ्या शाईची आहेत. पुढच्या मुलांना एवढं सांगा, की गोठवताना मिनिटाला एक अंश, वितळवताना मात्र 37 अंशांच्या पाण्यात झटपट, आणि गोठवताना घातलेलं डीएमएसओ लगेच पातळ करायचं.

तुमचे,
उन्हाळी विद्यार्थी