बाबा, बीम उचलू नका

सॅन दिएगो

ती. बाबांस साष्टांग नमस्कार.

बरं वाटतंय म्हणून तुम्ही कारखान्यात जाऊन मागावर सुताने भरलेला जड बीम चढवायला हात लावलात, असं आई म्हणाली. रात्रभर डोळा लागला नाही. फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

हार्ट अटॅकनंतर अँजिओप्लास्टीने रक्ताची वाट मोकळी झाली, पण तोवर मेलेला हृदयाचा स्नायू परत येत नाही. हृदयाच्या स्नायूपेशी तरुणपणीसुद्धा वर्षाला जेमतेम १ टक्का नव्या होतात. मेलेला भाग आधी साफ होतो, मग तिथे कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाचे तंतू तयार होऊन वण धरतो. तो पक्का व्हायला ६ ते ८ आठवडे लागतात. तुमचा अजून चौथाच चालू आहे.

मी इथे हेच मोजते. उंदराच्या हृदयातल्या वणाचा चौकोनी तुकडा मिठाच्या कोमट पाण्यात ठेवून, चारी कडांना बारीक हुक अडकवून दोन्ही दिशांना ताणायचा. कोलॅजनचे तंतू आधी नागमोडी असतात, तोवर तुकडा सहज ताणतो. ते सरळ झाले की एकदम ताठ होतो, सैल धाग्याला ताण बसावा तसा. कोवळ्या वणात तंतू कमी, त्यांचे आपसांतले जोडही कच्चे. तो पसरला की हृदयाची भिंत पातळ होते, आणि पातळ भिंतीवर ताण आणखी वाढतो. बाबा, मला भीती आहे ती याची. श्वास रोखून जड वजन उचललं की रक्तदाब एकदम चढतो.

बीपी नॉर्मल असताना रॅमिप्रिलची गोळी कशाला, असं तुम्ही विचारलं होतंत. हृदय असं पसरू नये म्हणूनच ती आहे. कोरडा खोकला आला तर डॉक्टरांना सांगा, गोळी मनाने बंद करू नका.

इथल्या विद्यापीठात शरीरातल्या ताण-दाबांचा हा विषय, बायोमेकॅनिक्स, रुजवणारे युआन-चेंग फंग मुळात विमानांचे इंजिनिअर. १९५७ च्या सुमारास ते जर्मनीत असताना चीनमधल्या आईला काचबिंदू झाल्याचं कळलं. तेव्हा डोळ्यांवरचे शोधनिबंध वाचून, त्यांचा सार चिनीत लिहून ते तिच्या डॉक्टरांना पाठवत राहिले. तिथूनच ते शरीराच्या अभ्यासाकडे वळले आणि १९६६ मध्ये इथे आले. हे लिहिताना ते सारखे आठवतायत.

चालणं मात्र सोडू नका. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं रोज चाला. बीम दादा आणि कामगार चढवतील. पुढच्या टूडी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट आला की फोटो काढून लगेच पाठवा. हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो ईएफचा आकडा मला बघायचाय.

आईला नमस्कार, छोटीला पापा.

तुमची,
मनू