नवस फेडून झाल्यावर सोमवारी काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. त्या दोन दिवसांच्या बातम्यांत वाहतुकीतले बदल, मिस्सांच्या (चर्चमधल्या सामुदायिक उपासनेच्या) वेळा, नवस फेडायला आलेल्यांची गर्दी हे सगळे येते. यात्रा पांगल्यावर सोमवारी काय करायचे, हे मात्र ना छापून येते ना घरात बोलले जाते. मेणबत्ती लावली, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) केली, मागणे मागितले की संपले. जणू संत म्हणजे स्वर्गातल्या कचेरीतले ओळखीचे साहेब. संतांकडे मध्यस्थीची प्रार्थना करणे चर्चला मान्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण संतांनी आपला रोजचा दिवस कसा लावून घेतला, याची रीतही त्यांनी मागे ठेवली आहे आणि ती सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्यालाही जमते.

येशू संघाचे (जेझुइट धर्मसंघाचे) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचेच घ्या. 1521 मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणात त्यांनी शौर्यकथा मागितल्या. घरात सापडले ते ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. पराक्रमाची आणि दरबारातली स्वप्ने रंगवताना मौज वाटे, पण मागाहून मन कोरडे पडे. संतांसारखे जगण्याचा विचार केला की समाधान नंतरही टिकून राही. हा फरक त्यांनी हेरला आणि पुढची सगळी शिकवण त्यावर उभारली. चरित्र वाचणाऱ्याने म्हणूनच वाचतानाच्या गहिवरावर जाऊ नये. पुस्तक मिटल्यावर तासाभराने मनात काय उरले, ते पाहावे.

इग्नेशियस यांनी सांगितलेली ‘विशेष तपासणी’ अशी आहे. सुधारायचा दोष एकच निवडायचा. वहीत आठवड्याच्या सात दिवसांसाठी रेघांच्या सात जोड्या ओढायच्या. सकाळी उठताक्षणी त्या दोषाची आठवण करून निश्चय करायचा. दुपारी जेवणानंतर, म्हणजे आपल्याकडे डबा खाल्ल्यावर, उठल्यापासूनचा एकेक तास डोळ्यांपुढे आणायचा आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके वरच्या रेघेवर द्यायचे. रात्री तसेच, खालच्या रेघेवर. दिवसा चूक झाली की त्याच क्षणी छातीवर हात ठेवायचा. चारचौघांतही कुणाच्या लक्षात येत नाही. मग रात्री दोन्ही रेघा ताडून पाहायच्या, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी. एवढेच. दुपारची पाच मिनिटे, रात्रीची दहा, असे ठरवले तरी सुरुवातीला पुरते.

बिघडते कुठे? पहिली चूक म्हणजे मोघम दोष. ‘मी नम्र होईन’ याचे ठिपके मोजता येत नाहीत; ‘सासूबाईंचे बोलणे मध्येच तोडणार नाही’ याचे येतात. दुसरी, एकदम चार दोष घेणे. मग आठवडाभरात वही कपाटात जाते. तिसरी चूक दुपार गाळण्याची. रात्री झोपेच्या भरात सकाळचे नीट आठवत नाही, म्हणून ठिपके कमी पडतात आणि प्रगती झाल्याचा भास होतो. चौथी गोष्ट गंभीर आहे. ज्यांचे मन मुळातच शंकेखोर आहे, फादरांपुढे केलेले पापनिवेदन (कन्फेशन) पुरे झाले की नाही या विचाराने जे पोखरले जातात, त्यांनी ही वही स्वतःच्या मनाने सुरू करू नये, आधी पापनिवेदन ऐकणाऱ्या फादरांशी बोलावे. स्पेनमधल्या मनरेसा गावी इग्नेशियस स्वतः याच आजाराने आत्मघाताच्या विचारापर्यंत पोचले होते. तिथल्या कडक उपासांनी त्यांची प्रकृतीही ढासळली आणि पुढे त्यांनी आपल्या माणसांना असा अतिरेक करू दिला नाही. ईस्टरआधीच्या उपवासकाळात संतांची नक्कल करू पाहणाऱ्यांनी चरित्राचे हे पानही वाचावे.

ज्यांना वही-रेघांचा कंटाळा आहे, त्यांच्यासाठी फ्रान्समधल्या लिझ्यूच्या मठातली सिस्टर, संत तेरेसा (1873–1897) बरी. धुण्याच्या जागी समोरची सिस्टर तोंडावर घाण पाणी उडवायची. तेरेसाला मागे सरून चेहरा पुसावा, म्हणजे तिला कळेल, असे वाटले. तिने तो मोह आवरला आणि जागेवरून हलली नाही. प्रार्थनेत डुलकी लागते, हेही तिने लिहून ठेवले आहे. तिची वाट सोपी वाटते, पण फसवी आहे: केलेला त्याग घरभर सांगितला की त्यातला रामच निघून जातो.

जवळचे उदाहरण हवे तर वसईचे संत गोन्सालो गार्सिया. आधी व्यापारी, नंतर फ्रान्सिस्कन ब्रदर. आधीच पक्की झालेली जपानी भाषा त्यांनी मिशनच्या दुभाष्याच्या कामी लावली. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला क्रुसावर त्यांना मरण आले, 1862 मध्ये संतपद मिळाले. हाताशी असलेले कसब आधी तपासावे, नवे शोधायला नंतर जावे, इतके तरी त्यांच्याकडून घेता येईल. त्यांचा सण 6 तारखेला असतो, कारण 5 तारीख संत अगाथाची. संतांचा सण बहुधा मृत्युदिनी असतो, पण असे अपवाद पुष्कळ. त्यामुळे सणाच्या तारखेवरून मृत्यूची तारीख छापू नये, ही आपल्या वार्ताहरांना विनंती.

जाता जाता, पत्रकारांचे आश्रयदाते संत फ्रान्सिस डी सेल्स. प्रोटेस्टंट पंथाचे लोक प्रवचनाला येईनात, तेव्हा ते हाताने लिहिलेली पत्रके लोकांच्या दाराखालून सरकवत. 1609 च्या आपल्या पुस्तकात ते सांगतात की बागेतून निघताना जशी चार-पाच फुले दिवसभर हुंगायला बरोबर घेतो, तसे सकाळच्या चिंतनातले एखाद-दोन विचार बरोबर घ्यावेत. यात्रेच्या पुरवणीत कार्यक्रमपत्रिकेशेजारी अशा एका विचारापुरती चौकट दिलीत, तर लोक ती कापून डब्याच्या पिशवीत ठेवतील.

आपले,
नाशिकरोडचे काही वाचक