मुंबईच्या बोरा बाजारातल्या कॅमेरावाल्या काकांना, बाबांकडून आणि माझ्याकडून

काका नमस्कार,

नावाने तुम्ही मला ओळखणार नाही म्हणून खूण सांगते. जूनमधला शनिवार, धो धो पाऊस, आणि तुमच्या दुकानात दोघं जण शिरले, एक सत्तरीचे गृहस्थ ज्यांनी कॅमेरा दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून पोटाशी धरला होता, आणि त्यांची मुलगी जी छत्रीतलं पाणी तुमच्या काउंटरवर सांडत फोनमधली एक्सेल शीट वाचायला लागली. चौदा कॅमेरे होते त्यात. चौथ्या नावाला तुम्ही मला थांबवलंत, "मॅडम, वापरणार कोण, तुम्ही की हे? मग तुम्ही जरा चहा घ्या."

खरं सांगू का, राग आला होता. दीड महिना रात्री जागून बनवलेली शीट ती, मेगापिक्सेल वेगळ्या कॉलममध्ये, झूम वेगळ्या, पिवळे हिरवे रंग भरलेले. पण आता सहा महिने झालेत आणि त्या चहाबद्दल थँक्यू म्हणायचं राहून गेलंय म्हणून हे लिहितेय.

आमच्या बाबांचं तुम्हाला त्या दिवशी अर्धंच कळलं असेल. ते शाळेत असल्यापासून फोटो काढतात, पहिला कॅमेरा आग्फा क्लिक थ्री, बडोद्याला बनायचा तो, 120 चा रोल, बारा फोटो की संपलं. त्यामुळे बाबा अजूनही एका प्रसंगाचे बाराच्या वर फोटो काढत नाहीत, डिजिटल आला तरी. गेली काही वर्षं कॅनन 700 डी आणि त्यावर 18-135 ची लेन्स असं चाललं होतं. मग उजव्या खांद्याचं दुखणं सुरू झालं. फिजिओवाली म्हणाली खांद्याला काहीही लटकवायचं नाही, तेव्हा मी तो कॅमेरा ओट्यावरच्या वजनकाट्यावर ठेवून बघितला तर एक किलोच्या वर गेला आणि अजून पट्टा, बॅग वगैरे धरलंच नव्हतं.

यंदा पाडव्याला डोंबिवलीच्या स्वागतयात्रेत ते पहिल्यांदा कॅमेरा न घेता आले. फडके रोडला कडेला हात मागे बांधून उभे होते, ढोल आला, लेझीम आली, नऊवारीतल्या बायका बुलेटवरून गेल्या, बाबा नुसते बघत होते. मी माझा फोन दिला तर म्हणाले उन्हात स्क्रीनवर काय दिसतंय तेच कळत नाही, आणि हात लांब करून फोटो काढायचा म्हणजे ताट वाढल्यासारखं वाटतं. हे ऐकून मी मनावर घेतलं, आणि मी मनावर घेतलं की शीट बनते.

तुमच्याकडे यायच्या आधी एका मॉलमधल्या दुकानात गेलो होतो. तिथला मुलगा पन्नास एक्स झूमवाला कॅमेरा गळ्यात मारायलाच बसला होता, सर चंद्रावरचे खड्डे दिसतील. बाबांना चंद्रावर काय करायचंय? पण मी जवळजवळ कार्ड काढलं होतं कारण शीटमध्ये त्याला सगळ्यात जास्त हिरवं होतं.

तुम्ही बिलाच्या पाठीमागे पेनाने तीन चौकोन काढलेत, ते बिल मी जपून ठेवलंय. सगळ्यात मोठा बाबांच्या 700 डी चा सेन्सर, म्हणजे आतली प्रकाश टिपणारी चकती, साधारण 22 बाय 15 मिलिमीटर. मधला 13 बाय 9, ज्याला एक इंची म्हणतात. आणि कोपऱ्यात पन्नास एक्सवाल्याचा, 6 बाय साडेचार, चिंचोक्याएवढा. म्हणालात, "घरात ट्यूबलाइटमध्ये नातवंडाचा फोटो काढाल तेव्हा हा चिंचोका रडेल." मी म्हटलं एक इंच म्हणजे पंचवीस मिलिमीटर, हा मधला तर तिरका मोजला तरी सोळाच भरतोय, तर तुम्ही हसलात आणि सांगितलंत की हे माप जुन्या टीव्ही कॅमेऱ्याच्या काचेच्या नळीचं, नळी बाहेरून एक इंच, आतली चित्राची जागा कमी, नळ्या गेल्या पण नाव राहिलं. माझ्या शीटमधला एक अख्खा कॉलम तिथेच बाद झाला.

पण माझ्या डोक्यातून जात नाही ते त्यानंतरचं. तुम्ही बाबांच्या हातात कॅननचा जी सेव्हन एक्स मार्क टू दिलात. छान कॅमेरा, माझ्याही यादीत दुसरा होता. बाबांनी तो घेतला, वळवून बघितला आणि सवयीने थेट डोळ्याला लावला. मागची स्क्रीन चष्म्यावर टक्कन आपटली. त्याला व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकीच नाही! मी हसले, तुमचा पोरगा हसला, बाबा स्वतः ओशाळून हसले. तुम्ही हसला नाहीत. काही न बोलता तो परत घेतलात, बाजूला काढून ठेवलेला रिको जी आर थ्री पण उचलून कपाटात टाकलात कारण त्यालाही डोळा लावायला काही नाही, आणि मागच्या खणातून सोनीचा जुना आर एक्स हंड्रेड मार्क थ्री काढलात. बाजूची खिट्टी खाली केलीत, टप करून डोक्यातून छोटी खिडकी वर आली, ती बोटाने मागे ओढलीत आणि बाबांना म्हणालात चष्मा काढा. वरची बारीकशी कळ सरकवून नंबर जुळवून दिलात. बाबा दोन मिनिटं बोललेच नाहीत. समोरच्या फुटपाथवर एक माणूस टेम्पोखाली भिजत चहा पीत उभा होता, त्याच्याकडे रोखून बसले होते.

290 ग्रॅम! आणि 2014 चं मॉडेल, सेकंडहँड. मी नव्याच्या मागे लागले होते, साठ हजारांपर्यंत तयारी होती, तुम्ही निम्म्याहून कमी घेतलेत. फुजीच्या एक्स हंड्रेड सिक्सबद्दल विचारलं तर म्हणालात चांगला आहे, पण किंमत बघा, अर्धा किलोच्या वर जातो, झूम नाही, आणि यांना खिशात घालायचाय.

तोटेही तुम्हीच आधी सांगितलेत, हे मला फार आवडलं. झूम 70 मिलिमीटरपर्यंतच, म्हणजे लांबचा पक्षी विसरा. बॅटरी लहान, खिडकीतून बघून काढले तर सव्वादोनशेच्या आसपास फोटो, बाबांना म्हणजे आयुष्यभर पुरेल. अंग गुळगुळीत साबणासारखं, म्हणून पुढे रबराची पट्टी चिकटवून दिलीत, तिचे पैसे पण लावले नाहीत. आणि लेन्स आत-बाहेर होताना खिशातली धूळ ओढून घेते तर उघडा खिशात टाकायचा नाही. आईने जुन्या रेशमी साडीची थैली शिवलीय, जरीच्या काठासकट, बाबा लाजत लाजत वापरतात.

शिवाय टॉर्च मारून लेन्समध्ये फंगस, म्हणजे बुरशी नाही हे दाखवलंत, एफ अकरावर, म्हणजे लेन्सचं भोक अगदी बारीक करून, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून डाग आहेत का ते स्क्रीनवर मोठं करून दाखवलंत, झूम दहा वेळा आत-बाहेर करून आवाज ऐकवलात. स्वतःचाच माल गिऱ्हाइकाला असा तपासायला शिकवणारा दुकानदार मी तरी बघितला नव्हता. 700 डी विकायचा म्हटलं तर म्हणालात आता याचे फार येणार नाहीत, घरात कुणी शिकणारं असेल तर द्या. माझ्या भाचीला दिलाय, ती सध्या कुत्र्यांचे फोटो काढते.

आणि हो, सोमवारी मी ऑफिसातून घाबरून फोन केला होता, बाबा म्हणतायत कॅमेरा बंद पडला! तुम्ही विचारलंत, खिडकी खाली दाबली का? दाबली होती. "मग बंदच होणार ना, फ्रिजचं दार लावलं की दिवा जातो तसं." बाबांनी ते वाक्य आत्तापर्यंत निदान वीस जणांना ऐकवलंय.

आता रोज सकाळी साडेसहाला थैली घेऊन निघतात. पेपर टाकणारा मुलगा, गणपती मंदिरापाशी हार ओवणाऱ्या मावशी, इडलीवाल्याच्या भांड्यातून उठणारी वाफ. वाफेच्या मागून त्या इडलीवाल्याचा नुसता हात दिसतो असा एक फोटो आहे, तो मी फ्रिजवर लावलाय. खांदा पूर्ण बरा नाही, पण कॅमेऱ्यामुळे दुखला अशी तक्रार नाही.

तुम्ही भिंतीचा फोटो काढून कॅमेरा परत दिलात ना, तेव्हा बाबांनी गुपचूप तुमचा एक काढला होता. तुम्ही मान खाली घालून रबराची पट्टी कापताय, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मागे कपाटात शंभरेक लेन्स. मोठा प्रिंट करून घेतलाय. बाबा म्हणतात कुरिअर नको, आपण स्वतः जाऊन देऊ, आणि येताना जास्तीची एक बॅटरी पण घेऊ. या शनिवारी दुपारच्या लोकलने येतो, दुकान उघडं ठेवा, आणि चहा या वेळी माझ्याकडून.

तुमची,
एक्सेल शीटवाली