सोडतीला म्हातारा साक्षीदार चालत नाही का, मंत्रिमहोदय?

मा. मंत्रिमहोदय (राज्य लॉटरी ज्यांच्या खात्यात येते ते),
सप्रेम नमस्कार.

लॉटरीच्या सोडतीला ज्येष्ठ नागरिक साक्षीदार बसवा, मी विनामोबदला यायला तयार आहे, असा अर्ज मी केला होता. साहेबांनी तोंडभर कौतुक केलं, "काका, तुमच्यासारखी माणसं हवीतच, कळवतो" म्हणाले. काल चौकशीला गेलो तर साहेब बदललेले, अर्ज गायब, आणि खिडकीतला मुलगा विचारतो, "आजोबा, तिकीट काढलंय का? निकाल घरीच बघा ना." एकाहत्तराव्या वर्षी मला लॉटरीच्या नादी लागलेला ठरवला! जन्मात तिकीट काढलं नाही मी. (सौभाग्यवतींनी काढलं होतं, ते असो.)

मागणी जगावेगळी नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात सोडतीला ज्येष्ठ साक्षीदार असतो, कारण तिथल्या लॉटरीचं उत्पन्न ज्येष्ठांच्याच औषधांना, प्रवासाला, घरभाड्याच्या परताव्याला जातं. तुमचे अधिकारी म्हणतील, १९८० मध्ये तिथेच घोटाळा झाला. झाला ना! यंत्रात हवेने उडवून निकाल काढतात त्या आकड्यांच्या चेंडूंत रंग भरून ते जड केले, फक्त ४ आणि ६ चे हलके ठेवले, निकाल लागला ६६६. साक्षीदार हजर होता, पण चेंडू आधीच बदललेले. म्हणूनच मी लिहिलं होतं, नुसती खुर्ची नको, यंत्र कुलपातून निघाल्यापासून सगळं दाखवा. उभी हयात बँकेत रोकड मोजली आहे; रुपया कमी भरला तर रात्री घरी सोडत नसत.

१९९८ चा लॉटरी कायदा म्हणतो, सोडत सरकारनेच काढायची, राज्यातच काढायची, आणि कुणी न नेलेलं बक्षीस सरकारजमा. शेवटचं तेवढं बरं पाठ असतं! सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ चा ४० टक्के केलात. बक्षीस दहा हजारांवर गेलं की ३० टक्के जागच्या जागी कापता. नंबर कुणाचाही लागो, पहिलं बक्षीस तुमचंच.

आणि संशय मात्र आमच्यावर. दर नोव्हेंबरला जिवंत असल्याचा दाखला आम्ही द्यायचा. बोटांचे ठसे झिजलेत, यंत्र ओळखत नाही, की "काका, पुसून पुन्हा लावा". गुडघे धरून तासभर उभा राहतो मी त्या रांगेत. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये करोनाच्या नावाने गेली. करोना गेला, सवलत आली नाही. ते तुमचं खातं नाही, ठाऊक आहे. म्हाताऱ्यांचं दुखणं कुठल्याच खात्यात बसत नाही. पंच्याऐंशीच्या पुढच्यांचं मत न्यायला मात्र माणसं घरी येतात!

अर्जाची शिक्का मारलेली पोच माझ्याकडे आहे. हवी तर झेरॉक्स देतो, माझ्याच पैशाने. पुढच्या बंपर सोडतीला बोलावणार की नाही, तेवढं लेखी कळवा. "उचित कार्यवाही सुरू आहे" असलं छापील उत्तर नको. तसली माझ्याकडे फाईलभर आहेत.

आपला (अजून हयात),
एक निवृत्त रोखपाल